गावातलं चर्च कुणाचं? ब्रह्मावरचं कोकणी ऑर्थोडॉक्स चर्च आणि रायबंदरच्या बहिष्कृत बिशपची गोष्ट

देवस्थानाची जमीन कुणाची, हा प्रश्न बीड जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. निजामाच्या राज्यात देवळांना, मशिदींना आणि दर्ग्यांना दिवाबत्तीसाठी, पूजेसाठी, सेवेसाठी इनाम जमिनी मिळाल्या. पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी त्या कसत आलं. पुढे जमिनीला भाव आला आणि सातबाऱ्यावरची नावं बदलू लागली. आष्टी तालुक्यात अशा देवस्थान आणि वक्फ जमिनींच्या बेकायदा हस्तांतरणाचे गुन्हे दाखल झाले, चौकश्या लागल्या.

कायद्यानं यावर एक उत्तर दिलेलं आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, देवळाच्या जमिनीचा मालक देव. पुजारी फक्त व्यवस्था पाहणारा. पण त्यामुळे दुसरा प्रश्न सुटत नाही. देवाच्या नावानं निर्णय कोण घेणार? पुजारी कोण नेमणार? गाव, ट्रस्ट, सरकार की दूरच्या एखाद्या पीठावर बसलेला धर्मगुरू?

हाच प्रश्न केरळमधल्या ख्रिस्ती समाजात गेली शंभराहून जास्त वर्षं कोर्टात फिरतोय. आणि हाच प्रश्न सुमारे १३५ वर्षांपूर्वी कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावानं विचारला होता. तिथल्या कोकणी बोलणाऱ्या माणसांनी तेव्हा जे केलं, त्यातून भारतातला एक आगळाच समाज तयार झाला. नावं गोव्याची, भाषा कोकणी आणि चर्च ऑर्थोडॉक्स.

गावाचं नाव ब्रह्मावर. आणि या गोष्टीचा नायक गोव्यात, पणजीशेजारच्या रायबंदरला एका छोट्या चर्चमध्ये विसावला आहे.

ब्रह्मावरमध्ये गोव्याची माणसं कशी आली?

ब्रह्मावर उडुपीच्या उत्तरेला, मुंबईहून गोव्यामार्गे मंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. आज ते तालुक्याचं ठिकाण आहे. एकोणिसाव्या शतकात ते दक्षिण कानडा जिल्ह्यातलं भातशेतीचं साधं गाव होतं.

या पट्ट्यातले बहुतेक ख्रिस्ती मूळचे गोव्याचे. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय सुरू झालं. बाटून ख्रिस्ती झालेल्यांच्या जुन्या चालीरीतींवरही त्याची नजर असे. त्यात दुष्काळ, साथी, करांचा बोजा आणि लढाया. संभाजी महाराजांची १६८३ ची गोवा मोहीम आणि पुढे १७३९ च्या सुमारास मराठ्यांनी केलेल्या स्वाऱ्या, या काळातही अनेक कुटुंबं दक्षिणेकडे सरकली. शेती करणारी ही माणसं केळदीच्या नायकांच्या राज्यात वसली. सतराव्या शतकात ब्रह्मावरजवळच्या कल्याणपूरला त्यांचं मिलाग्रिस चर्च उभं राहिलं.

राज्य नायकांचं, नंतर हैदर-टिपूचं, मग इंग्रजांचं. पण चर्चमध्ये येणारा पाद्री गोव्याहून येई, कोकणीत बोले आणि त्याला नेमणारा आर्चबिशपही गोव्यातच असे. या माणसांसाठी गाव सुटलं तरी गोवा सुटला नव्हता. १८८६ मध्ये नेमका हाच धागा तुटला.

पाद्रुआदो म्हणजे काय?

पंधराव्या आणि सोळाव्या शतकात पोपनं पोर्तुगालच्या राजाशी एक व्यवहार केला. पूर्वेकडे धर्मप्रसाराचा खर्च राजानं करायचा, चर्च बांधायची, पाद्र्यांचा पगार द्यायचा. बदल्यात बिशप कोण असावा हे सुचवण्याचा हक्क राजाला. या आश्रयाच्या हक्काला पोर्तुगीजमध्ये पाद्रुआदो म्हणतात.

पोर्तुगालची ताकद कमी झाली तशी रोमला ही व्यवस्था जड वाटू लागली. १६२२ मध्ये पोपनं धर्मप्रसारासाठी स्वतःचं खातं काढलं. त्याच्या लॅटिन नावात 'प्रोपागांदा' हा शब्द होता. आज सोशल मीडियावर ऊठसूट वापरला जाणारा 'प्रोपगंडा' तिथूनच आला.

मग भारतात दोन्ही व्यवस्था शेजारी शेजारी चालू लागल्या आणि भांडणंही सुरू झाली. मुंबईत तर एकाच शहरात काही चर्च गोव्याच्या आर्चबिशपकडे आणि काही रोमच्या खात्याकडे होती. मुंबईतली ही दुहेरी सत्ता थेट १९२८ पर्यंत टिकली.

१८८६ मध्ये नेमकं काय झालं?

२३ जून १८८६ रोजी पोप तेरावे लिओ आणि पोर्तुगालचा राजा लुईस यांच्यात करार झाला. गोव्याच्या आर्चबिशपना 'पूर्वेकडील प्रदेशांचे पॅट्रिआर्क' असा मानाचा किताब मिळाला. पण ब्रिटिश भारतातल्या अनेक गावांवरचा त्यांचा अधिकार गेला. त्याच वर्षी पोपनं भारतातल्या धर्मप्रांतांची नवी रचना जाहीर केली.

दक्षिण कानडा मंगळूरच्या बिशपकडे गेला. तिथला कारभार १८७८ च्या अखेरीस आलेल्या इटालियन जेझुइटांच्या हातात होता.

रोम आणि लिस्बनच्या दृष्टीनं हा हद्दी सरळ करण्याचा विषय होता. कल्याणपूर-ब्रह्मावरच्या माणसांच्या दृष्टीनं मात्र आपले पाद्री जाणार आणि अनोळखी लोक चर्चचा ताबा घेणार, असा याचा अर्थ होता. त्यांनी अर्ज केले, विनंत्या केल्या. निर्णय फिरला नाही.

श्रद्धेच्या बाबतीत त्यांचं रोमशी काही भांडण नव्हतं. प्रार्थना तीच, सण तेच, संत तेच. भांडण अधिकाराचं होतं. आमच्या गावच्या चर्चबद्दल आम्हाला न विचारता कुणी कसं ठरवलं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

पाद्री अल्वारिस कोण होते?

अंतोनियो फ्रान्सिस्को झेवियर अल्वारिस यांचा जन्म २९ एप्रिल १८३६ रोजी गोव्यातल्या वेर्णा गावी झाला. त्यांनी कॅथलिक पाद्री म्हणून दीक्षा घेतली. पण प्रवचनापेक्षा त्यांचं नाव झालं ते दोन गोष्टींमुळे. एक गरिबांची सेवा आणि दुसरी पत्रकारिता.

१८७१ मध्ये त्यांनी पणजीत एक धर्मादाय संस्था सुरू केली. रस्त्यावर भीक मागणाऱ्यांना आधार देणं हे तिचं पहिलं काम. पुढे त्यांनी एकामागून एक पोर्तुगीज नियतकालिकं चालवली. 'आ व्हर्दादे', 'ओ प्रोग्रेसो द गोवा', 'ओ ब्रादो इंडियानो'. या नावांचे अर्थ अनुक्रमे सत्य, गोव्याची प्रगती आणि भारतीयांची हाक असे. त्यांत ते सरकारवरही टीका करत आणि चर्चच्या वरिष्ठांवरही. दोघांनाही ते नकोसे झाले.

१८८६ चा करार त्यांना मान्य होणं शक्यच नव्हतं. एका परक्या राजानं आणि दूरच्या पोपनं भारतातल्या ख्रिस्ती गावांची आपसात वाटणी केली, असं त्यांचं मत होतं. त्यांनी उघड विरोध केला आणि कॅथलिक चर्चनं त्यांना बहिष्कृत केलं.

आता पेच असा होता की बिशपशिवाय चर्च चालत नाही. नवे पाद्री घडवायचे तर बिशप लागतो, आणि बिशप बनवायला आधीचे बिशप लागतात. ही साखळी ख्रिस्ती परंपरेत थेट येशूच्या शिष्यांपर्यंत मागे नेली जाते. रोमशी संबंध तुटल्यावर ती साखळी आणायची कुठून? अल्वारिस यांनी केरळचा रस्ता धरला.

केरळमध्येच का?

केरळातल्या सिरियन ख्रिस्ती समाजाची श्रद्धा अशी की येशूचा शिष्य संत थॉमस पहिल्या शतकात मलबारच्या किनाऱ्यावर उतरला आणि त्यांचा धर्म तिथून सुरू झाला. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून हा समाज इथे होता, सिरियाक भाषेत प्रार्थना करत होता. रोमशी त्याचा रोजचा संबंध नव्हता.

गोव्याशी त्याचा संबंध आला तो कटू पद्धतीनं. १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस केरळात गेले. उदयंपेरूर इथे धर्मसभा भरवून त्यांनी या समाजाला रोमच्या अधिकाराखाली आणलं. १६५३ मध्ये मोठ्या संख्येनं लोकांनी मट्टनचेरीला क्रूसापुढे शपथ घेऊन ते जोखड झुगारलं. त्यांच्यातल्या एका गटानं पुढे सिरियातल्या अँटिऑकच्या पॅट्रिआर्कशी नातं जोडलं. आजचे ऑर्थोडॉक्स आणि जेकोबाइट हे दोन्ही गट त्याच परंपरेतले.

म्हणजे १५९९ मध्ये गोव्याचा आर्चबिशप केरळला आपल्या ताब्यात घ्यायला गेला होता. १८८९ मध्ये गोव्याचाच एक पाद्री केरळकडे आसरा मागायला गेला.

अँटिऑकच्या पॅट्रिआर्कांनी परवानगी दिली. २९ जुलै १८८९ रोजी कोट्टायमच्या जुन्या सेमिनरीत अल्वारिस यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. 'मार जुलियस' हे त्यांचं नवं नाव. गोवा, भारत आणि सिलोनचे मेट्रोपॉलिटन ही पदवी. दीक्षा देणाऱ्यांत पुलिक्कोट्टिल जोसेफ मार दिओनिसिओस होते आणि परुमलाचे ग्रेगोरिओसही होते. या ग्रेगोरिओसना १९४७ मध्ये संत घोषित करण्यात आलं.

ब्रह्मावरच्या विरोध करणाऱ्या कुटुंबांना आता स्वतःचा बिशप मिळाला. सिलोनमध्येही अशाच कारणानं नाराज झालेला एक कॅथलिक गट त्यांना येऊन मिळाला.

चर्च ऑर्थोडॉक्स, प्रार्थना लॅटिन वळणाची

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ब्रह्मावरचे लोक ऑर्थोडॉक्स झाले तरी त्यांनी सिरियाक पद्धत लगेच उचलली नाही. जुनी लॅटिन उपासना चालू ठेवण्याची मुभा त्यांना होती. कोकणी प्रार्थना, कोकणी गाणी, घरातल्या चालीरीती सगळं तसंच राहिलं. नावंही आडनावांसकट गोव्याचीच. बदललं ते एवढंच की उपासनेत ज्या वरिष्ठांचं नाव घ्यायचं ते बदललं.

रोजचा संसार सांभाळला तो फादर रॉक झेफ्रिन नोरोन्हा यांनी. १८५० मध्ये जन्मलेले हे पाद्रीही गोव्याचे. अल्वारिस यांच्याबरोबर बाहेर पडले, ब्रह्मावरला आले आणि १९३६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. गावात शिक्षणाची सोय करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्यांची समाधी ब्रह्मावरलाच आहे.

गावासाठी ही वाट सोपी नव्हती. एकाच घरातला एक भाऊ कॅथलिक आणि दुसरा ऑर्थोडॉक्स अशी फूट म्हणजे लग्नं कुठे लावायची, पुरायचं कुठे, सणाला कुणाकडे जायचं, हे सगळे प्रश्न आले. काळाच्या ओघात बरीच कुटुंबं कॅथलिक चर्चकडे परतली. जी राहिली ती थोडी, पण टिकली.

सरकारनं काय केलं?

गोव्यातल्या पोर्तुगीज राज्यात कॅथलिक धर्म हाच राज्याचा धर्म होता. अशा राज्यात एक बहिष्कृत पाद्री बिशपचा झगा घालून पणजीच्या रस्त्यावर फिरतो आणि वर वर्तमानपत्रही चालवतो, हे सरकारला खुपणारच.

१८९५ हे वर्ष गोव्यात धामधुमीचं होतं. मोझांबिकला जायला नकार देणारे सैनिक सत्तरीतल्या नाणूसच्या किल्ल्यात जमले आणि दादा राणे यांच्या नेतृत्वाखाली राण्यांचं बंड पेटलं. त्याच वर्षी 'ओ ब्रादो इंडियानो' बंद पडलं आणि अल्वारिस यांना अटक झाली. त्यांचे बिशपचे कपडे, क्रूस आणि अंगठी काढून घेण्यात आली. कोर्टात मात्र त्यांच्यावरचे आरोप टिकले नाहीत. ते सुटले.

इतिहासातला विरोधाभास इथे दिसतो. गोव्यातला ख्रिस्ती म्हणजे पोर्तुगीजांचा माणूस, असं एक सोपं समीकरण आजही सोशल मीडियावर मांडलं जातं. त्याच गोव्यात एका ख्रिस्ती पाद्र्याला ख्रिस्ती सरकारनं तुरुंगात टाकलं होतं.

कॉलरा, साबुदाण्याचा कंद आणि बिनमंत्रांचा अंत्यविधी

सुटकेनंतर अल्वारिस पुन्हा आपल्या मूळ कामाकडे वळले. कॉलऱ्याच्या साथीत ते रुग्णांमध्ये फिरत. घरच्या घरी काय उपचार करावेत याची पुस्तिका त्यांनी काढली. अन्नटंचाईवर उपाय म्हणून त्यांनी टॅपिओकाची लागवड करा असा प्रचार केला. उपासाला आपण जो साबुदाणा खातो, तो याच कंदापासून बनतो. कमी पाण्यात, हलक्या जमिनीत येणारं हे पीक गरिबाचं पोट भरेल असं त्यांचं म्हणणं होतं. यावरही त्यांनी पुस्तिका लिहिली. पैसे संपले की ते स्वतः दारोदार जाऊन मदत मागत.

आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी रायबंदरला काढली. मांडवीच्या काठावरचं हे गाव. पणजीहून तिथे जाणारा लांबलचक दगडी पूल पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधला. २३ सप्टेंबर १९२३ रोजी आमांशाच्या आजारानं त्यांचं निधन झालं.

आता त्यांना पुरायचं कसं? कॅथलिक चर्चच्या लेखी ते बहिष्कृत होते. त्यांचा स्वतःचा समाज दूर ब्रह्मावरला. पण गोव्यातली सामान्य माणसं आणि प्रतिष्ठित मंडळी, दोघांनीही त्यांना निरोप द्यायला गर्दी केली. दुसऱ्या दिवशी पणजीच्या सांत इनेज दफनभूमीत त्यांना पुरलं गेलं. मान मोठा होता, पण कॅथलिक विधी झाला नाही. १९२७ मध्ये चाहत्यांनी त्यांचे अवशेष शिशाच्या पेटीत ठेवून त्यावर संगमरवरी फरशी बसवली. त्यावर त्यांचा उल्लेख मानवतेची सेवा करणारे मिशनरी आणि थोर देशभक्त असा केला.

अल्वारिस यांच्या जागी नवा कोकणी बिशप झाला नाही. ब्रह्मावरचा समाज बिशपविना राहिला आणि गोव्यातली कबर हळूहळू विस्मरणात गेली.

कबर पुन्हा कशी सापडली?

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. नोकरीधंद्यानिमित्त केरळची माणसं गोव्यात येऊ लागली. १९६७ मध्ये केरळबाहेरच्या ऑर्थोडॉक्स समाजाची जबाबदारी असलेले मेट्रोपॉलिटन मॅथ्यूज मार अथानासिओस यांनी अल्वारिस यांची कबर शोधून काढली. १९७९ मध्ये रायबंदरला एक लहान चर्च बांधून अवशेष तिथे आणले गेले. त्याच जागी सेंट मेरीज ऑर्थोडॉक्स चर्चची नवी इमारत झाल्यावर ६ ऑक्टोबर २००१ रोजी ते आताच्या जागी ठेवले गेले. दरवर्षी सप्टेंबरमध्ये तिथे त्यांची पुण्यतिथी पाळली जाते.

२०१० मध्ये मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चनं ब्रह्मावर नावाचा स्वतंत्र धर्मप्रांत केला. एकेकाळी ज्या गावाची रवानगी त्याला न विचारता एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात झाली होती, त्याच गावाच्या नावानं आता एक प्रांत आहे.

नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचं दर्शन सोहळ्यानं झालं. लाखो लोक आले. त्याआधी ऑक्टोबरमध्ये या अवशेषांची डीएनए चाचणी करा, अशा मागणीवरून गोव्यात मोठं आंदोलन पेटलं होतं. गोव्यातला ख्रिस्ती धर्म परका की इथला, हा वाद पुन्हा उकरला गेला. पणजीहून त्या सोहळ्याला जाणारा जुना रस्ता रायबंदरवरूनच जातो. गोव्यात जन्मलेले, झेवियर यांचंच नाव लावणारे आणि रोमलाही 'नाही' म्हणणारे अल्वारिस या वादात कुठल्याच बाजूला नीट बसत नाहीत. त्यामुळे त्यांची आठवण कुणालाच झाली नाही.

केरळात आज वाद कशाचा आहे?

ज्या चर्चनं अल्वारिस यांना आसरा दिला, ते स्वतः याच प्रश्नावर फुटलेलं आहे. १८८९ च्या जुलै महिन्यातच, अल्वारिस यांच्या दीक्षेच्या काही दिवस आधी, त्रावणकोरच्या सर्वोच्च राजन्यायालयानं केरळच्या चर्चमधल्या एका मोठ्या मालमत्ता खटल्याचा निकाल दिला होता. अँटिऑकच्या पॅट्रिआर्कला धार्मिक देखरेखीचा अधिकार, पण मालमत्तेचा कारभार त्याच्याकडे नाही, असा त्याचा मथितार्थ होता.

तरी भांडण मिटलं नाही. १९१२ मध्ये केरळात स्वतंत्र कॅथलिकोस म्हणजे सर्वोच्च धर्मगुरूचं पद सुरू झालं आणि दोन तट पडले. कोट्टायमच्या कॅथलिकोसला मानणारा तो ऑर्थोडॉक्स गट, अँटिऑकच्या पॅट्रिआर्कला सर्वोच्च मानणारा तो जेकोबाइट गट. ब्रह्मावर आणि रायबंदर आज कोट्टायमच्या बाजूला आहेत.

३ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. या परंपरेतली हजाराहून जास्त चर्च १९३४ च्या मलंकारा चर्चच्या घटनेनुसारच चालतील, असं ठरलं. एखाद्या माणसाला चर्च सोडून जायचं असेल तर तो जाऊ शकतो. पण गावातल्या बहुसंख्यांना वाटलं म्हणून ते चर्चची इमारत आणि मालमत्ता बरोबर घेऊन दुसऱ्या गटात जाऊ शकत नाहीत. ऑर्थोडॉक्स गटासाठी हा विजय होता. अनेक गावांत आपण बहुसंख्य आहोत असं म्हणणाऱ्या जेकोबाइट गटासाठी तो पूर्वजांनी बांधलेल्या चर्चबाहेर काढणारा निकाल ठरला.

अंमलबजावणीच्या वेळी पोलीस, घेराव, बंद दरवाजे असे प्रसंग झाले. सगळ्यांत वेदनादायक भाग दफनाचा होता. घराण्याची कबर ज्या चर्चच्या आवारात आहे तिथे दुसऱ्या गटाचा ताबा असेल तर मृतदेह न्यायचा कुठे? शेवटी केरळ सरकारला २०२० मध्ये खास कायदा करावा लागला. आपल्या पूर्वजांच्या कबरीत पुरलं जाण्याचा हक्क गट न पाहता त्या कायद्यानं दिला. मार्च २०२५ मध्ये जेकोबाइट गटाच्या नव्या कॅथलिकोसचा पदग्रहण सोहळा लेबनॉनमध्ये झाला आणि दोन समांतर पीठांचा प्रश्न पुन्हा चर्चेत आला.

मग चर्च कुणाचं?

ब्रह्मावरची गोष्ट या वादाच्या शेजारी ठेवली की तीन मुद्दे स्पष्ट होतात.

पहिला, धर्मस्थळावरची भांडणं बहुतेक वेळा देवावरून होत नाहीत. ब्रह्मावरला श्रद्धा बदलली नव्हती. केरळातल्या दोन गटांची उपासनाही जवळपास एकच आहे. भांडण होतं ते किल्ली कुणाकडे, हिशेब कुणाकडे आणि नेमणूक कुणाची, यावरून. बीडमधल्या देवस्थान जमिनींचे वादही श्रद्धेचे नाहीत. ते नोंदींचे आणि अधिकाराचे आहेत.

दुसरा, दूरची सत्ता जेव्हा गावाला न विचारता ठरवते, तेव्हा निर्णय कागदावर कितीही नीटनेटका असला तरी गावात तो तुटकपणा आणतो. १८८६ च्या करारात हद्दी सुटसुटीत झाल्या आणि घरं दुभंगली.

तिसरा मुद्दा उलट बाजूचा आहे. गावाचं बहुमत हेच अंतिम मानलं तर दर पिढीत देवस्थान नव्या गटाच्या हाती जाईल आणि मूळ देणगी ज्या कामासाठी होती ते काम बाजूला राहील. म्हणून कोर्ट लिखित घटनेवर भर देतं, आणि देवळांच्या बाबतीत देवालाच मालक मानतं. आज हयात असलेल्या कुणाचीही मालकी नाही, असं म्हटलं की सगळ्यांचाच हक्क थोडाथोडा सुरक्षित राहतो.

ब्रह्मावरच्या वेगळ्या झालेल्या माणसांनी शेवटी स्वतःचं चर्च वेगळं उभारलं आणि ते कोकणीत चालवलं. त्याची किंमत त्यांनी नात्यागोत्यात मोजली. त्यांच्या बिशपनं ती मोजली मंत्रांशिवाय झालेल्या दफनात.

सांत इनेजच्या त्या कोपऱ्यातून रायबंदरच्या चर्चपर्यंतचं अंतर जेमतेम काही किलोमीटर. ते कापायला अल्वारिस यांच्या अवशेषांना ५६ वर्षं लागली.